निवाडा न दिल्याबद्दल आभार : आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) मध्यस्थांना खुले पत्र

आदरणीय महोदया,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

हे पत्र जाहीर करण्यापूर्वी मी ते दोन्ही पक्षांना वाचून दाखवले आहे. बैठकीत जे बोलले जाईल ते बैठकीतच राहील, हा आपण पहिल्याच दिवशी घालून दिलेला नियम आम्ही आजही पाळतो, म्हणून यात कोणाचे नाव नाही आणि जे थोडे सांगितले आहे ते संबंधितांच्या संमतीनेच सांगितले आहे.

आमचा वाद वरवर पाहता उपासनामंदिरातील जुन्या बाकांचा होता. बाक काढून खुर्च्या घ्याव्यात असा ठराव मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीने मांडला आणि वार्षिक सभेत त्यावरून जी बाचाबाची झाली, ती पुढे इतकी चिघळली की काही सभासद प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या) रविवारी मुद्दाम गैरहजर राहू लागले. पाळकसाहेबांनी दोनदा समेटाचा प्रयत्न केला, परंतु ते ठरावाच्या बाजूचे आहेत हे सर्वांना माहीत असल्यामुळे त्यांच्या चांगल्या शब्दांकडेही संशयाने पाहिले गेले. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात आधी एकांतात बोलावे, मग एकदोघांना सोबत घ्यावे आणि तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळवावे, असा क्रम स्पष्ट दिलेला आहे. आम्ही मात्र सुरुवातच भर सभेपासून केली होती. त्यात माझाही दोष होता. एका भगिनीने खुर्च्यांच्या दरपत्रकाबद्दल विचारलेल्या प्रश्नाची नोंद मी सचिव या नात्याने इतिवृत्तात ‘हिशेबाबाबत आरोप’ अशी केली आणि त्या एका शब्दाने आमच्या खजिनदारांची झोप उडवली.

आपण आलात तेव्हा आमची अपेक्षा होती की आपण दोन्ही बाजू ऐकून कोण बरोबर ते सांगाल. आपण ते करण्यास पहिल्याच भेटीत नम्रपणे नकार दिलात. मध्यस्थ न्यायाधीश नसतो, निर्णय वाद असणाऱ्यांचाच असतो आणि कोणालाही कोणत्याही क्षणी उठून जाण्याची मोकळीक असते, हे आपण सांगितलेत. पैशांचा अपहार, मारहाण किंवा कोणाला कोणाची भीती असा काही प्रकार आहे का, हेही आपण प्रत्येकाला वेगवेगळे विचारून घेतलेत, कारण तसे असते तर ते प्रकरण समेटाच्या टेबलावर आणणे म्हणजे दुबळ्या माणसावर पुन्हा अन्याय करणे ठरले असते. मंडळीची अब्रू झाकण्याच्या नावाखाली असे प्रकार आपसांत मिटवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, म्हणून आपल्या त्या प्रश्नांचे मोल मला फार वाटते.

स्वतंत्र भेटींमध्ये आपण काय विचारलेत, ते त्या भगिनींनी मला नंतर सांगितले. ‘बाक का हवेत?’ असे आम्ही सर्वांनी त्यांना विचारले होते. आपण विचारलेत, ‘बाक गेले तर तुमचे काय जाईल?’ त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला एक बाक त्यांत आहे, ही गोष्ट त्यानंतर पहिल्यांदा उच्चारली गेली.

संयुक्त बैठकीतील एक प्रसंग मी विसरणार नाही. त्या भगिनींचे बोलणे संपल्यावर आपण खजिनदारांना उत्तर देऊ दिले नाहीत. त्यांनी जे ऐकले ते आधी त्यांच्याच शब्दांत परत सांगावे, असे सुचवलेत. पहिल्या वेळी ते स्वतःचा बचाव करू लागले, दुसऱ्या वेळी अर्धे सांगून थांबले आणि तिसऱ्या वेळी म्हणाले, ‘हिशेब चुकला असे तुमचे म्हणणे नव्हते, तुम्हाला न विचारता ठरले याचे दुःख होते.’ त्या भगिनींनी फक्त मान हलवली. वर्षभर ओरडून जे पोहोचले नव्हते ते तिथे पोहोचले.

तरीही माझे खरे आभार त्यानंतरच्या क्षणासाठी आहेत. आमच्यातले एक वडीलधारे समाधानाने उठले आणि म्हणाले, ‘चला, हात मिळवा, प्रार्थना करू आणि विषय संपवू.’ आपण त्यांना थांबवलेत आणि शांतपणे म्हणालात, ‘क्षमा नेमकी कशाची करायची आहे, हे अजून कोणी म्हटलेले नाही.’ आम्ही ख्रिस्ती माणसे क्षमेचा शब्द फार लवकर काढतो आणि पुष्कळदा तो दुखावलेल्या माणसाचे तोंड बंद करण्यासाठी वापरतो. ज्याला अजून दुखते आहे तोच मग हट्टी ठरतो. आपण थांबलात म्हणून खजिनदारांना सभेतील आपल्या उत्तराबद्दल दिलगिरी व्यक्त करता आली आणि मलाही माझ्या नोंदीबद्दल.

पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील युवदीया व सुंतुखे या एकमत नसलेल्या दोन भगिनींबद्दलची वचने मी त्या रात्री पुन्हा वाचली. पौलाने दोघींना वेगवेगळी विनंती केली आहे, कोणाची चूक हे सांगितलेले नाही आणि एका सोबत्याला त्यांचे साहाय्य करण्यास सांगितले आहे. इतकी वर्षे ते वाचूनही त्या सोबत्याचे काम काय असेल, याचा मी विचार केला नव्हता.

समझोता लेखी झाला, तोही आमच्याच साध्या भाषेत. काही बाक राहतील, बाकीच्या जागी खुर्च्या येतील, मोठ्या खर्चाची दरपत्रके सभेच्या आधी सर्वांना पाहता येतील आणि इतिवृत्तात ‘आरोप’ या शब्दाऐवजी ‘प्रश्न’ असे लिहिले जाईल. ती दुरुस्ती मी माझ्या हाताने केली.

एक कुटुंब मात्र दुसऱ्या मंडळीत गेले. मला ते अपयश वाटले होते, तेव्हा आपण प्रेषितांच्या कृत्यांच्या 15व्या अध्यायाची आठवण करून दिलीत : ज्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेने यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी की नाही हा मोठा वाद चर्चेने सोडवला, त्याच्याच शेवटी पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा मार्काला सोबत न्यावे की नाही यावरून वेगळे झाले, आणि तरीही पुढे तीमथ्याला लिहिताना पौलाने त्याच मार्काला घेऊन येण्यास सांगितले. ते कुटुंब निरोप घेऊन गेले, दार आपटून नव्हे.

तीन महिन्यांनी समझोत्याचा आढावा घेण्याचे आपण सुचवले होते. ती बैठक पुढच्या आठवड्यात आहे. खुर्च्या किती घ्यायच्या यावर अजून मतभेद आहेत, पण या वेळी आम्ही आधी एकमेकांच्या घरी जाऊन बोललो आहोत.

आपला कृतज्ञ,
मंडळीच्या पंचकमिटीचा सचिव