तापमान छापता, तसा वाराही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की आपल्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात जळगाव-भुसावळचं तापमान येतं. ४३, ४४, मग ४५. पाऊस लागला की त्याच जागी हतनूरच्या ४१ पैकी किती दरवाजे उघडले ते येतं. दोन्ही मी न चुकता वाचतो. पण मला हवा असलेला आकडा आपण कधीच छापत नाही. काल वारा किती होता आणि कुठून होता? हे पत्र त्यासाठीच आहे. मागणी विचित्र वाटेल म्हणून जरा लांबण लावतो. जागा नसेल तर शेवटचा परिच्छेद तेवढा छापा.

मी विंडसर्फिंग करतो. पाण्यावर फळी, फळीला कुठल्याही बाजूला कलणारी डोलकाठी, तिला शीड, आणि ते शीड दोन्ही हातांनी धरून उभा असलेला मी. वय ५३, वजन ८२ किलो. मुंबईत नोकरीला होतो तेव्हा गिरगाव चौपाटीला शिकलो. हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपार कलली की तिथं समुद्राकडून वारा यायचा, जवळजवळ घड्याळ लावून. तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि मी जळगावला परत आलो. गाव यावल तालुक्यात, घरची केळी.

निघायच्या आधी मी एक शहाणपणा केला. नकाशा उघडला. समुद्र तीनशे किलोमीटर लांब, म्हणजे वारा मेलेला असणार, असं स्वतःच ठरवलं. विक्रेत्याला फोन केला. त्यानंही हो ला हो केलं आणि कमी वाऱ्यासाठी म्हणून मोठं, ७.८ चौरस मीटरचं शर्यतीचं शीड, त्याला लागणारी ४६० सेंटिमीटरची कार्बनची डोलकाठी आणि ४६ सेंटिमीटरचं फिन गळ्यात बांधलं. (फिन म्हणजे फळीच्या पोटाखालचं पर. ते नसेल तर फळी वाऱ्याबरोबर आडवी घसरत जाते.) एवढ्या पैशांत मोटारसायकल आली असती. फळी मात्र जुनीच ठेवली, १०५ लिटरची. (फळी तिच्या आकारमानावरून लिटरमध्ये मोजतात.) तिच्यावर जीव होता.

ती फळी मे महिन्यात बंद ट्रकमधून तीन दिवस प्रवास करत आली. उघडून बघतो तर पाठीवर तव्यावरच्या भाकरीसारखा फुगा. अशा फळीच्या पोटात थर्माकोल असतो आणि वरून फायबरचं कवच. आतली हवा तापली की तिला बाहेर पडायला एक छोटा स्क्रू दिलेला असतो. प्रवासात आणि उन्हात तो सैल करायचा, पाण्यात उतरण्याआधी घट्ट करायचा. मी तो घट्ट आवळून पाठवला होता. ट्रकवाल्याशी तासभर भांडलो. दोष माझा होता हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

दुरुस्त करून घेतली आणि परवानगी काढून एका धरणावर गेलो. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या पोरं ट्रकच्या ट्यूब घेऊन उतरतील. तिथं पहिल्याच दिवशी कळलं की गोडं पाणी वेगळं. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं. १०५ लिटरची फळी समुद्रात साधारण १०७ किलो तोलून धरते, धरणात १०५. माझं वजन ८२, फळी सात-साडेसात, शीड, काठी आणि बूम (शीड धरायची आडवी दांडी) मिळून नऊ, ओले कपडे आणि जॅकेट दोन. बेरीज शंभर. मुंबईत सात किलोची शिल्लक होती, इथं पाचच उरली. समुद्रात वारा सलग होता म्हणून ते खपून जायचं. इथं टेकडीआडून वारा झोताझोतानं येतो आणि मध्येच पडतो. पडला की मी गुडघाभर पाण्यात उभा, म्हशीवर बसलेल्या पोरासारखा, फक्त म्हैस दिसत नाही.

आणि ते ४६ चं फिन. एप्रिलमध्ये पाणी उतरतं आणि धरणात बुडालेल्या बाभळींची खोडं हातभर खाली येऊन बसतात. फिन खोडात अडकलं, फळी जागेवर थांबली, मी मात्र थांबलो नाही. डोक्यात हेल्मेट होतं म्हणून हे पत्र लिहितो आहे. एरवी पाणवनस्पतींचे झुबके फिनला गुंडाळतात, ते वेगळंच.

त्यानंतर वर्षभर मी काहीही विकत घेतलं नाही. फक्त हातात धरायचं वारा मोजायचं यंत्र घेतलं आणि दुधाच्या हिशोबाची जुनी वही. सकाळी मेहरूण तलावावर फिरायला जाताना एक नोंद, संध्याकाळी धरणावर किंवा शेतात एक. नवीन गावी जाणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. निदान एक हिवाळा आणि एक उन्हाळा वही भरा, मग पाकीट उघडा. माझ्या वहीनं माझा नकाशा खोटा ठरवला. डिसेंबर-जानेवारीत खरंच पान हलत नाही. पण एप्रिलच्या अखेरीपासून चारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि मे महिन्यात निम्म्याहून जास्त संध्याकाळी बारा नॉटच्या वर जातो, म्हणजे ताशी बावीस किलोमीटर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग, मध्ये तापीचं खोरं, तोंड सुरतेकडे उघडं. वारा नरसाळ्यातून यावा तसा येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत. गावी येता-जाता बघत होतो, पण विक्रेत्याला फोन करताना आठवल्या नाहीत.

वही भरल्यावर जे घेतलं ते असं. फळी १६० लिटरची, मधोमध मागे घडी होणारं मोठं पातं असलेली. वारा पडला तरी उभं राहून परत येता येतं, आणि पातं खोडाला लागलं तर मोडत नाही, आत दुमडतं. लोक हसतात, नवशिक्याची फळी म्हणतात. म्हणोत. फिन २८ सेंटिमीटरचं, मागे कललेलं, म्हणजे वनस्पती घसरून जाते. यात एक मेख आहे. फिन बसवायच्या खाचा वेगवेगळ्या असतात, पॉवर बॉक्स, टटल, यूएस. आपल्या फळीची खाच बघूनच मागवावं, मी एक फुकट घालवलं आहे. शिडं दोन, ६.८ आणि ५.०. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, म्हणून आठ नॉट आणि सोळा नॉट एका शिडात भागत नाहीत. शीड पारदर्शक प्लॅस्टिकचं घेऊ नये, आपल्या उन्हात ते पापडासारखं कडकडीत होऊन फाटतं. कापडी घ्यावं. ते थोडं जड असतं, ताणलं जातं, पण टिकतं. डोलकाठी शिडाच्याच कंपनीची घेतलेली बरी. प्रत्येक काठीचा बाक वेगळा असतो, जोडी चुकली तर शिडाला शेवटपर्यंत सुरकुत्या राहतात. माझी ४६० ची विकायची आहे. दोन तुकड्यांत होते, तरी एकेक तुकडा साडेसात फुटांचा. रिक्षातून न्यायच्या भानगडीत पडू नये.

हल्ली विक्रेते सगळ्यांना फॉइल घ्यायला लावतात. पाण्याखाली पंख असतो आणि फळी हवेत उचलली जाते. पॅरिसपासून ऑलिंपिकमधल्या विंडसर्फिंगच्या शर्यती त्यावरच होतात, त्यामुळे मागणी आहे. पण त्याचा दांडा जवळजवळ मीटरभर खाली जातो. ज्या पाण्यात २८ सेंटिमीटरचं फिन जपून न्यावं लागतं तिथं हा दांडा म्हणजे बाभळीला निमंत्रण. भाच्याची चेन्नईला बदली झाली, त्याला माझी फळी हवी होती. त्याला म्हटलं, रिकाम्या हातानं जा. तिथं वारा पूर्वेकडून समुद्रावरून येणार, लाटा किनाऱ्यावर आपटणार, माझं सामान तिथं अडगळ होईल.

सामान ठेवायलाही जागा शोधावी लागली. जळगावच्या फ्लॅटच्या गच्चीवर पत्र्याखाली ठेवलं असतं तर पुन्हा भाकरी फुगली असती. शेवटी गावच्या जुन्या धाब्याच्या घरात नेलं. मातीचं छत, जाड भिंती, मे महिन्यातही आत माठासारखा गारवा. तिथं आईनं ते सगळं पहिल्यांदा पाहिलं. मी मोठ्या उत्साहानं सांगत होतो की मे महिन्यात वारा चांगला असतो. ती म्हणाली, "आम्ही सारे वारं नको नको म्हनतो, आन् तू त्याची वाट पाह्यतो रे बापा?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. केळीच्या मुळ्या उथळ, वर वीस-पंचवीस किलोचा घड. रावेर-यावलात एका संध्याकाळच्या वादळात कापणीला आलेली बाग झोपते. माझी आणि तिची वही एकच आहे. चांगला वारा म्हणून मी ज्या दिवसावर खूण करतो, त्याच दिवशी ती देव पाण्यात घालते.

धरणाच्या पाण्यात काय होणार, असं विचारणारे भेटतात. नेहा ठाकूर ही देवासची मुलगी भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये तयार झाली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. ती शिडाची छोटी होडी चालवते, फळी नाही, पण वारा आणि तलाव तेच. त्याच स्पर्धेत विंडसर्फिंगमध्ये इबाद अलीनं कांस्य मिळवलं. भुसावळहून पंजाब मेल धरली की भोपाळ येतं, तिथंही समुद्र नाही. मात्र हतनूरला मी शीड नेलेलं नाही आणि नेणारही नाही. हिवाळ्यात तिथं परदेशातून पक्षी उतरतात, त्यांच्यामध्ये माझं लाल शीड कशाला?

आता मागणी. केळीच्या हवामान आधारित विम्यात वेगाचा वारा हा नुकसानीचा एक निकष आहे. त्यासाठी महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत. म्हणजे वारा रोज मोजला जातो, फक्त वाचकापर्यंत येत नाही. तो शेतकऱ्याला विम्याच्या कागदात भेटतो, तेही बाग झोपल्यावर. तापमानाच्या चौकटीखाली दोन ओळी वाढवा. मंडळनिहाय सरासरी वेग, सर्वांत जोराचा झोत आणि दिशा. जमल्यास झोताची वेळसुद्धा. मार्च ते जुलै एवढे पाच महिने छापलं तरी चालेल. यावल, रावेर, चोपडा आणि जळगाव या चार तालुक्यांपासून सुरुवात करा. गेल्या दोन उन्हाळ्यांची माझी वही ताडून बघायला मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक वाचक, जळगाव

(नाव छापू नये. कॉलनीत अजून सगळ्यांना वाटतं की गाडीच्या टपावर मी इस्त्रीचं टेबल नेतो.)