जर्मनीत होतो, लढलो नाही

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. थंडी पडलीय, गुडघेदुखीवाले वाढलेत, म्हणजे माझं कामही. बाबांच्या पत्रातच तुमच्यासाठी चार ओळी लिहिणार होते, पण हे तुम्हालाच लिहायला हवं.

माझ्याकडे व्यायामाला एक आजोबा येतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन लष्करात होते. डोक्यावरची लष्कराची टोपी बघून कुणी आदराने दोन शब्द बोलायला गेलं, की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हे सांगून मोकळे होतात, "जर्मनीत होतो, लढलो नाही."

1 डिसेंबर 1969 ला इथे अमेरिकेत सक्तीच्या सैन्यभरतीची सोडत निघाली. वर्षातल्या 366 तारखा निळ्या कुप्यांत घालून काचेच्या बरणीत ओतल्या. पहिली निघाली 14 सप्टेंबर. ज्याची जन्मतारीख आधी निघेल, त्याला बोलावणं आधी. पुढे 195 व्या क्रमांकापर्यंत बोलावलं. पण कुप्या धड ढवळल्याच नव्हत्या! डिसेंबरच्या शेवटी टाकलेल्या, त्या वरच राहून भराभर निघाल्या. आजोबा डिसेंबरचे. सक्तीची भरती दोन वर्षांची, पण आपणहून तीन वर्षं दिली तर काम निवडता यायचं. त्यांनी वायरलेस घेतलं. तरी व्हिएतनामचा हुकूम आलाच. सामान बांधून झालं आणि ऐनवेळी हुकूम बदलून जर्मनी मिळालं. का, ते कुणी सांगितलं नाही.

बराकीत शेजारच्या खाटेवर असलेला मुलगा मात्र व्हिएतनामला गेला, तो परत आलाच नाही. वॉशिंग्टनला त्या युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे, त्याच्या काळ्या भिंतीवर 58,000 हून जास्त नावं आहेत, तीही आडनावाप्रमाणे नाही, मृत्यूच्या तारखेप्रमाणे. त्यामुळे आधी यादीत बघून कितव्या फळीवर ते शोधावं लागतं. आजोबांना त्या मुलाच्या फळीचा आकडा पाठ आहे. हे सांगताना उचललेला पाय तसाच अधांतरी धरून ठेवतात, मला "खाली घ्या" म्हणावं लागतं.

मी वाद घातला. म्हटलं, तेव्हा गणवेशात असलेले बहुतेक जण व्हिएतनामला गेलेच नाहीत, आणि जर्मनीतही समोर रशियाच्या फौजा होत्याच की. कुठे पाठवायचं ते तुम्ही थोडंच ठरवलंत? शांतपणे म्हणाले, "हा हिशेब त्याच्या आईला सांगशील?" मी गप्प. तरी माझं मत बदललेलं नाही. ज्याने सही केली, त्याने जीव पणाला लावलाच.

काका, तुम्हीही असंच करता. ऑपरेशन पराक्रमचा विषय निघाला की "लढाई झालीच नाही, नुसते सीमेवर बसून होतो" म्हणून उठता. संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर 2001 पासून पुढचे कितीतरी महिने तुम्ही तिथे पाकिस्तानच्या सीमेवर होतात. सुरुंग पेरताना आणि काढताना माणसं गेली, हे मला इथे आल्यावर वाचून कळलं, घरात कुणी बोललंच नाही. तुम्ही दर दिवाळीला ज्या घरी मनिऑर्डर करायचात, ते त्यांच्यातलंच एक का? बाबांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, "त्यालाच विचार." म्हणून विचारतेय. नको वाटलं तर राहू द्या, मी परत काढणार नाही.

काकूला नमस्कार. गुडघ्याचा व्यायाम तीही टाळते असं कळलंय, रागावणार आहे म्हणावं.

तुमची पुतणी