सही एकाची, हात दुसऱ्याचे : कर्नाटकच्या ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळूर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात इलेक्ट्रिक सामानाचे दुकान चालवणारा मी एक साधा व्यापारी. वायर, बटणे, होल्डर, पंपाचे स्टार्टर यांवर माझे घर चालते. त्यामुळे ‘चांगली वायर वापरा’ असे मी म्हटले तर त्यात माझाही फायदा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र आज लिहायचे आहे ते वायर ओढणाऱ्या माणसाबद्दल आणि त्याच्या कामाखाली सही करणाऱ्याबद्दल.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम २०२३ मध्ये नव्याने आले. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर घरातले वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे, काम सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे आणि करणाऱ्याकडे परमिट असावे, हे त्यात आहे. जुन्या नियमांतही होते. नवीन मीटरसाठी हेस्कॉमच्या (आमच्या भागातल्या वीज कंपनीच्या) कार्यालयात गेले की वायरिंग तपासल्याचा, कंत्राटदाराच्या सहीचा रिपोर्ट मागतात. साध्या कौलारू घरात किंवा दोन खोल्यांच्या स्लॅबमध्ये विद्युत निरीक्षक काही तपासायला येत नाही, आणि एवढ्या घरांत तो येणार तरी कसा? म्हणजे घर सुरक्षित आहे याची सरकारकडे असलेली एकमेव खूण म्हणजे ती सही.

आता प्रत्यक्षात काय होते ते ऐका. गावात घर बांधायला काढले की वायरमन कोण, हे बहुधा गवंडीच ठरवतो. हा वायरमन म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली चार-पाच वर्षे राबलेला पोरगा. त्याचा हात चांगला असतो, कधी कधी परमिटवाल्यापेक्षाही चांगला. स्लॅब ओतायच्या आधी पाइप टाकण्यापासून बोर्ड भरण्यापर्यंत सगळे तोच करतो. परमिट मात्र त्याच्याकडे नसते. मीटर घ्यायची वेळ आली की सही ‘मिळवावी’ लागते. सही करणारा गृहस्थ घर पाहत नाही. मेगर (वायरीच्या आवरणातून करंट गळतो का, हे मोजणारे यंत्र) लावून वायरींचे इन्सुलेशन किमान एक मेगओहम भरते का, हे तपासत नाही. रक्कम घेतो आणि शिक्का मारतो. आमच्याकडच्या अंदाजपत्रकात ‘सहीचे’ म्हणून वेगळा आकडाच धरलेला असतो, आणि घरमालकाला त्यात काही वावगे वाटत नाही. त्याला वाटते ही केईबीची, म्हणजे जुन्या वीज मंडळाची, फी असेल. (हो, इतकी वर्षे झाली तरी आम्ही केईबीच म्हणतो.)

सगळेच कंत्राटदार असे आहेत असे नाही. स्वतः घरी येऊन, अर्थिंगचा (गळालेला करंट जमिनीत सोडणाऱ्या जोडणीचा) खड्डा उघडून बघितल्याशिवाय पेन न उचलणारे मला माहीत आहेत. पण त्यांचा रेट जास्त, म्हणून त्यांच्याकडे गिऱ्हाईक कमी.

न बघता केलेल्या सहीने काय होते, याचे एक उदाहरण देतो. आमच्या भागातल्या जुन्या घरांत अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असायची. पद्धत चुकीचीच, पण पाइप जमिनीत गाडलेला असल्यामुळे थोडेफार चालून जायचे. पुढे गावोगावी पाण्याच्या नव्या योजना आल्या, लोखंडी पाइप निघाले आणि प्लास्टिकचे बसले. वायर मात्र जुन्याच तुकड्याला बांधलेली राहिली. तो तुकडा आता भिंतीतून दोन वीत बाहेर येऊन संपतो. असे एक घर मी स्वतः पाहिले. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून त्या बाईंनी फ्रिजसमोर प्लास्टिकची चटई टाकली होती. ‘पावसाळ्यात जरा जास्त येतंय,’ म्हणाल्या. घरात मीटर, एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारे बटण) सगळे नवे; मीटर बदलून नावावर करताना नवा रिपोर्टही झालेला. कागदावर अर्थिंग होते.

दुसरा प्रकार याहून वाईट. अर्थिंगच नसते तिथे काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रलमधूनच (करंट परत नेणाऱ्या वायरीतूनच) एक तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. टेस्टरने बघितले तर सगळे ठीक दिसते. पण वाटेत कुठे न्यूट्रल तुटली, की गीझरच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. अशा जोडणीत गळती पकडणारी आरसीसीबीसुद्धा फसते, कारण गळालेला करंट न्यूट्रलमधूनच परत जातो आणि तिला हिशेब बरोबर वाटतो.

आरसीसीबीचा विषय निघालाच आहे तर जरा त्यावर थांबतो. एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. ज्या करंटने माणसाचे हृदय बंद पडते, तो १६ अँपिअरच्या एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. घरगुती जोडणीत ती ३० मिलिअँपिअरच्या आत तुटली पाहिजे, असे नियमांत लिहिलेले आहे. अगदी छोट्या लोडच्या जोडण्या तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. किंमत साधारण दोन हजारांच्या घरात. चार-पाच लाखांची फरशी घालणारा माणूस माझ्या दुकानात येऊन हीच एक वस्तू यादीतून खोडतो, कारण तिचे काम काय हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

उलट एमसीबीबद्दल काय मागणी असते बघा. ‘मामा, ही सारखी पडायलीय, मोठी द्या की.’ हे वाक्य माझ्या दुकानात कायम ऐकू येते. चौकशी केली की कळते, दिव्यांच्या लाइनवर एक एमएमची बारीक वायर आहे आणि तिच्यावरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर प्लग घालून तीन हजार वॉटचा गीझर चालवलाय. म्हणजे तेरा अँपिअर. एमसीबी आपले काम चोख करत असते, पण घरच्यांना ती बिघडल्यासारखी वाटते. ३२ अँपिअरची घातली की ती पडायची थांबते, आणि मग भिंतीतली वायर तापायला लागते. मी नाही म्हटले तर पलीकडच्या दुकानात मिळतेच. वायरमनने अडवावे, तर त्याच्या मजुरीपेक्षा त्याला दुकानदाराकडून मिळणारे कमिशन मोठे असते. आमच्या धंद्यातली ही गोष्ट उघड बोलली जात नाही, पण मंत्रिमहोदय, ती खरी आहे.

आता थोडे आपल्या गृहज्योती योजनेबद्दल. २०२३ पासून २०० युनिटपर्यंतची वीज मोफत झाली. आमच्या भागातल्या गरीब घरांना तिचा मोठा आधार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिचा एक परिणाम बेंगळुरात कुणाच्या ध्यानात आला नसेल. ओल्या भिंतीतून शंभर मिलिअँपिअरची गळती महिनाभर चालू राहिली तर सोळा-सतरा युनिट जातात. पूर्वी बिल वाढले की माणूस चिडून वायरमनला बोलवायचा, आणि त्या निमित्ताने गळती सापडायची. आता वापर मर्यादेत बसला की बिल शून्य. युनिटचा रकाना कोण वाचतो? आमच्या तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडे चार महिने भिंती ओल्या असतात, तिथे ही गळती पावसाळाभर कुणाच्या लक्षात न येता राहू शकते. ज्या खात्याने वीज फुकट दिली, त्याच खात्याने निदान जुन्या घरांत एकदा अर्थिंग तपासून, एक आरसीसीबी बसवून दिली, तर योजनेच्या मानाने तो खर्च काही फार नाही.

शेतातले पंप आणि पेटीतले उघडे फ्यूज हा वेगळाच विषय आहे, त्यासाठी दुसरे पत्र लागेल.

भाषेबद्दल मात्र बोललेच पाहिजे. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. तो तिथे राहू दे, या पत्राचा त्याच्याशी संबंध नाही. पण जिथे १५ ते २० टक्के लोक अल्पसंख्य भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने १९५६ मध्ये राज्यांना कळवलेल्या भाषिक अल्पसंख्याकांच्या तरतुदींत आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी भागात मराठी लोकांचे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे. तुटलेल्या तारेला हात लावू नका, १९१२ ला फोन करा, ही सूचना महत्त्वाची नाही तर कुठली महत्त्वाची? कन्नडच्या खाली मराठीत चार ओळी छापल्याने कन्नडचे काही कमी होत नाही. माझ्या दुकानात येणारे कन्नड गिऱ्हाईक आणि मराठी गिऱ्हाईक एकाच वायरमनला बोलावतात.

माझे मागणे तीन-चार गोष्टींचे आहे. हेस्कॉमच्या प्रत्येक सेक्शन ऑफिसबाहेर त्या भागातल्या परवानाधारक कंत्राटदारांची आणि परमिट असलेल्या वायरमनांची यादी लावा. फोटो, परमिट क्रमांक, मुदत कधी संपते, सगळे कन्नड आणि मराठीत. आज एखाद्याने मला ‘लायसनवाला कोण आहे हो?’ विचारले तर मी तोंडी दोन नावे सांगतो, आणि माझ्या सांगण्यावर त्याने विश्वास ठेवावा असे काही कारण नाही. यादी असेल तर माणूस वायरमनला परमिट दाखव म्हणेल. आज तसे म्हणणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होते, म्हणून कुणी म्हणत नाही.

ज्या पोरांचे हात तयार आहेत, त्यांना परमिट मिळण्याची वाट मोकळी करा. विद्युत निरीक्षणालय आपल्याच खात्याखाली येते. बेळगावच्या आयटीआयमध्ये वर्षातून एकदा प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा घ्या, कन्नड किंवा मराठी, ज्याला जी येते त्या भाषेत. त्याला मेगर लावता येतो का, खड्ड्यातल्या अर्थिंगचा रोध मोजता येतो का, अडीच एमएम कुठे आणि चार एमएम कुठे वापरायची हे सांगता येते का, एवढे बघा. नापास झाला तर पुन्हा येईल. पास झाला तर त्याचे काम नियमात बसेल, आणि चूक झाली तर जबाबदार कोण हेही कळेल.

आणि रिपोर्टवर सही करणाऱ्याने मीटर बोर्डाच्या आतल्या बाजूला आपले नाव, परमिट क्रमांक, तारीख आणि मोजलेले आकडे लिहिलेला कागद चिकटवणे सक्तीचे करा. घर विकले, भाडेकरू बदलला, तरी तो कागद तिथे राहतो. पुढच्या वायरमनला कुठली वायर कुठे गेली ते दिसते. शिवाय स्वतःचे नाव लोकांच्या भिंतीवर लागणार म्हटल्यावर न बघता सही करणारा जरा विचार करील.

डिसेंबरमध्ये अधिवेशनासाठी आपण सुवर्ण विधानसौधात येता. खानापूर तिथून फार लांब नाही. येण्याआधी एक काम अधिकाऱ्यांना सांगून ठेवा. कुठल्याही एका उपविभागातले गेल्या वर्षभराच्या नव्या घरगुती जोडण्यांचे रिपोर्ट काढायला लावा आणि सह्या किती जणांच्या आहेत ते मोजा. मग त्यातली कोणतीही वीस घरे निवडा आणि घरमालकाला एवढेच विचारा : या नावाचा माणूस तुमच्या घरी कधी आला होता का?

आपला,
खानापूर तालुक्यातील एक इलेक्ट्रिक सामान विक्रेता