मधली खुर्ची सोड

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गायिका आणि चित्रकार यांच्या गप्पांचं संचालन तुझ्याकडे आलंय, आणि दिवाळी अंकासाठी शब्दांकनही तूच करणार आहेस, हे कळलं. पाठवलेले प्रश्न वाचले. तेवीस आहेत! नव्वद मिनिटांत सात झाले तरी डोक्यावरून पाणी. त्यातला ‘परंपरा आणि नवता यांचं नातं तुम्ही कसं पाहता?’ हा पहिलाच प्रश्न आधी खोड. त्याचं उत्तर दोघांच्याही तोंडी वर्षानुवर्षं बसलेलं असतं. ते सुरू झालं, की लोक मोबाइल काढतात.

टागोर आणि आइन्स्टाइन यांच्या १९३० मधल्या दोन भेटींची टिपणं काढून वाच. पहिली १४ जुलैची, बर्लिनजवळच्या कापुटला, आइन्स्टाइनांच्या घरी. विषय सत्याचा. माणूस नसेल तर सत्य उरतं का? घरात कुणी नसलं तरी टेबल जागच्या जागी असतं, असं आइन्स्टाइन म्हणाले. मानवी मनाशी ज्याचा काहीच संबंध नाही ते आपल्या लेखी नाहीच, असं टागोर. शेवटपर्यंत दोघंही आपापल्या जागी. शिवाय आइन्स्टाइन जर्मनमधून बोलत होते, टागोर इंग्रजीतून, मध्ये दुभाषे. १० ऑगस्टला हे न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं. नंतर आइन्स्टाइनांनी फ्रेंच लेखक रोमां रोलांना कळवलं, की ते बोलणं नीट जमलंच नव्हतं, छापायला नको होतं.

त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या भेटीत गाडी संगीतावर आली आणि नूर पालटला. शब्दांशिवाय गाणं होतं का, असं आइन्स्टाइनांनी विचारलं. होतं, नुसता सूर वाहून न्यायला अर्थ नसलेले बोल असतात, असं टागोरांनी सांगितलं. (तराणा ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.) मग टागोरांनी उलट विचारलं, हार्मनीमुळे, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक सुरांच्या मेळामुळे, तुमच्याकडे मेलडीचं, म्हणजे मूळ चालीचं, नुकसान झालं का? आइन्स्टाइनांनी सरळ कबूल केलं: कधी कधी फार होतं, हार्मनी तिला गिळूनच टाकते. प्रश्न एवढासा, आणि ज्याच्या कानांनी आयुष्यभर ते ऐकलंय त्यालाच विचारलेला. म्हणून तर माणूस आपल्याच परंपरेविरुद्ध साक्ष देऊन गेला.

तुझे प्रश्न या मापाचे कर. गायिकेला ‘रागाची संकल्पना’ विचारू नकोस. भूप संध्याकाळचा राग, देसकार सकाळचा, आणि दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच सूर. मग देसकार गाताना भूप होऊ नये म्हणून गळ्याला काय सांभाळावं लागतं, ते विचार. बाई धैवताबद्दल, म्हणजे ‘ध’बद्दल बोलतील, उत्तरांगाबद्दल, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्याबद्दल बोलतील, पण बोलून भागणार नाही, गाऊन दाखवतीलच. तिथे लगेच चित्रकाराकडे वळ: तेच चार रंग घेऊन एक चित्र सकाळचं आणि दुसरं संध्याकाळचं करायचं, तर काय हलवाल? यापुढे तू गप्प बस. उत्तर संपलंसं वाटलं तरी मनात पाच आकडे मोज. खरं वाक्य पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला येतं, आणि नेमकं तेव्हाच संचालक ‘वा, छान’ म्हणून पुढचा कागद उलटतो.

बसण्याची व्यवस्था आयोजकांवर सोडू नकोस. संचालकाला मध्ये बसवायची आपल्याकडे खोड आहे. मध्ये बसलीस, की दोघंही तुझ्याकडे बघून बोलतात आणि गप्पांच्या दोन वेगळ्या मुलाखती होतात. तू कडेला बस. त्यांच्या खुर्च्या एकमेकांकडे थोड्या तिरक्या, मध्ये दोन-अडीच हातांचं अंतर. कॉलर माइक शालीला, दागिन्यांना घासून खरखरतो, म्हणून बोलायला हातातला माइक बरा. गाण्यासाठी मात्र स्टँडवर वेगळा माइक हवा. तानपुरा, इलेक्ट्रॉनिक असला तरी, गायिकेच्या पट्टीत आधीच लावून ठेव. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं यांत पंचवीस मिनिटं सहज जातात. सत्कार शेवटी ठेवा म्हणून आत्ताच सांग. थोडी नाराजी होईल, होऊ दे.

आधी दोघांशी स्वतंत्रपणे फोनवर बोल, वीसेक मिनिटं. सध्या काय गाताहेत, कशावर काम चाललंय, एवढंच विचार. मुख्य प्रश्न फोनवर फोडलेस तर उत्तर तिथेच ताजं असतं, मंचावर शिळं येतं. ‘फोनवर म्हणाले तसं’ हे वाक्य तर कार्यक्रमाची वाट लावतं. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घे. हातात माइक दिला की प्रश्नाचं भाषण होतं.

शब्दांकनाला वेळ राख. एका तासाचं ध्वनिमुद्रण कानाने उतरवायला पाच-सहा तास लागतात, आणि नावं, बंदिशीचे बोल तपासायला त्याहून वेगळे. ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी कर, एक मंचावर आणि एक ध्वनियोजनेच्या मिक्सरवरून. ‘म्हणजे काय आहे’, ‘ॲक्च्युअली’ खुशाल काढ, पण वाक्याची बोली मोडू नकोस. ‘इथे जरा थांबून मग सुटायचं’ या वाक्याचं ‘येथे विराम घेऊन पुढे जावे’ केलंस की बाई गेल्या आणि पाठ्यपुस्तक उरलं. मींड, बढत, उपज हे गाण्यातले शब्द तसेच ठेव. कंसात अर्थ देत बसलीस तर निम्मे चुकतील. गाऊन दाखवलेल्या जागी नुसतं ‘(गाऊन दाखवतात)’ लिहून सुटका करून घेऊ नकोस. त्या दोन ओळींचे सूर त्यांच्याकडूनच लिहून आण, कोमल-तीव्रच्या खुणांसकट. छापखान्यात आधी त्या खुणाच गळतात.

मजकूर दोघांनाही पाठव, आठ दिवसांची मुदत घालून. तपशील त्यांनी दुरुस्त करावेत. एखादं मत मागे घ्यायचं असेल, तर तेही घेऊ दे. नवीन परिच्छेद आला तर मात्र फोन कर. त्या परिच्छेदाला समोरच्याने उत्तर दिलेलं नसतं, आणि छापल्यावर तो निरुत्तर झालासा दिसतो.

प्रश्नांची नवी यादी रविवारपर्यंत पाठव. सातच.

तुझी,
आई