आधी टोपोग्राफी, मग लेझर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चष्म्याच्या सिलिंड्रिकल नंबरावरचा (डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांनी सारखी नसल्याने लागणारा नंबर) कालच्या पुरवणीतला लेख वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. लेझरने चष्मा कसा झटपट सुटतो, हे ठळक अक्षरांत आले. लेझर कोणी करू नये, हे सांगायला एक ओळही शिल्लक नव्हती का?

माझा भाचा जिंतूर तालुक्यातला, पोलीस भरतीच्या मागे लागलेला. दर सहा महिन्यांनी त्याचा सिलिंड्रिकल नंबर वाढायचा. लहानपणापासून डोळे चोळायची सवय. कापूस वेचणीच्या दिवसांत तर मुठीने रगडायचा. पहिल्या दवाखान्यात नंबर काढला आणि लगेच लेझरची तारीख दिली. वर ‘या महिन्यात सवलत आहे’ म्हणून घाई. बहिणीने त्यासाठी सोयाबीन पडत्या भावात विकले. नशिबाने छत्रपती संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी आधी कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची) टोपोग्राफी, म्हणजे वक्रतेची तपासणी केली. पडद्यावर रंगीत नकाशा आला, त्यात खालच्या बाजूला लालभडक डाग. केराटोकोनस! कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत होता. लेझर कॉर्निया आणखी पातळ करूनच नंबर घालवते. या डोळ्यांवर ते झाले असते तर पोराची नजर कायमची बिघडू शकली असती.

मग क्रॉस-लिंकिंग केले. डोळ्यात रायबोफ्लेविनचे थेंब घालून वरून अतिनील किरण सोडतात. त्याने नंबर जात नाही, आजार वाढायचा थांबतो. आता तो कडक लेन्स लावतो आणि त्याला स्वच्छ दिसते.

लेझर वाईट, असे मी म्हणत नाही. वय 18 च्या पुढे, नंबर वर्षभर स्थिर, कॉर्निया निरोगी असेल तर खुशाल करावे. नसेल तर साधा चष्मा आहे, टोरिक, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरासाठीची, कॉन्टॅक्ट लेन्स आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये टोरिक लेन्स बसवूनही हा नंबर कमी करता येतो. लेखात तेही नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ते कोण सांगणार?

आणि लेखाच्या बरोबर खाली लेझर सेंटरची पाव पान जाहिरात! वाचकाने लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे ओळखायचे कसे? जाहिरात छापा, पण आरोग्याच्या लेखाला चिकटवून नको.

येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत एवढे तरी छापावे, की टोपोग्राफीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय कोणीही लेझरला होकार देऊ नये.

आपला,
एक नियमित वाचक, परभणी