चेनसॉला धार ग्राइंडरने नको, कानशीने लावा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायती, नगरपालिका आणि बागायतदार धोकादायक फांद्या तोडायच्या मागे लागतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतले रस्ते आडव्या झाडांनी बंद झाले होते, त्यामुळे चेनसॉ कशाला हवी हे कोकणात आता कोणाला सांगावे लागत नाही. यंत्र चालू कसे करायचे, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे, हे विक्रेता दाखवतो. धार कशी लावायची हे बहुधा राहूनच जाते. मग बोथट चेन वेल्डिंगच्या दुकानात जाते आणि हँड ग्राइंडरखालून दात निळे होऊन परत येतात. दात निळा पडला की पोलादाचे पाणी उतरले. त्यावर धार टिकत नाही. शिवाय प्रत्येक दात वेगळ्या लांबीचा होतो तो वेगळाच.

चेन बोथट झाल्याचे भुशावरून कळते. धारदार चेन जाडसर चिपा टाकते, बोथट चेन पीठ पाडते. यंत्र दाबावे लागते, तेल येत असूनही लाकडातून धूर निघतो. वाळलेली बाभूळ, सागवान, माडाचे खोड यांत धार लवकर जाते. पण सर्वांत मोठा शत्रू माती. जमिनीला टेकलेल्या खोडातून चेन खाली मातीत गेली, की क्षणात सगळे दात जातात. सालीत रुतलेली कुंपणाची तार आणि खिळे हा पुढचा प्रकार.

गोल कानस चेनच्या मापाचीच हवी. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून निम्मे केले की चेनचे माप, म्हणजे पिच, मिळते. लहान यंत्रांवरच्या ३/८ इंची लो-प्रोफाइल (बुटक्या दातांच्या) चेनला ४ मिमीची कानस लागते, ०.३२५ इंचीला ४.८ मिमीची. जाड कानस दात मागे झुकवते, मग तो लाकूड धरतच नाही. बारीक कानस खाली बसून दाताला आकड्यासारखा वाक देते. अशी धार पहिल्या फांदीला छान वाटते आणि लगेच मोडते.

आधी यंत्र बंद करून प्लगची टोपी काढावी (विजेवरचे असेल तर पिन, बॅटरीचे असेल तर बॅटरी), हातमोजे घालावेत आणि बार (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) व्हाइसमध्ये घट्ट पकडावा. चेन जरा ताणून घ्यावी, नाहीतर दात डुलतो. दाताच्या माथ्यावर बहुतेक चेनना कोनाची रेघ असते, साधारण ३० अंशांची. कानस त्या रेघेला समांतर आणि आडवी सपाट धरावी, तिच्या जाडीचा पाचवा भाग माथ्याच्या वर राहावा. हात नेहमी आतून बाहेर आणि फक्त पुढे जाताना मारावा. परत आणताना कानस उचलावी. मागे-पुढे घासल्याने कानसच बोथट होते. सर्वांत आखूड दातापासून सुरुवात करून बाकीचे त्याच्या लांबीला आणावेत. एका बाजूचे सगळे दात संपवून मग दुसरी बाजू घ्यावी, आणि हात मोजून मारावेत. उजवा हात एका बाजूला नेहमी जास्त जोर लावतो. दोन्ही बाजूंचे दात असमान झाले की काप सरळ जात नाही, वळतो, आणि बार अडकतो. धारेवर प्रकाशाची चकाकणारी रेघ दिसत असेल तर तो दात अजून बोथटच आहे.

आता लोक विसरतात तो भाग. प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. रंध्याचे पाते जेवढे बाहेर तेवढी जाड साल निघते, तसेच दात या उंचवट्यापेक्षा जेवढा उंच तेवढी चिप जाड. दाताचा माथा मागे उतरता असतो, म्हणून कानस मारत गेले की धार खाली येते आणि फरक कमी होतो. ‘आत्ताच धार लावली तरी कापत नाही’ ही तक्रार बहुधा इथली असते. दर चार-पाच धारांनंतर मापपट्टी (उंचवटा किती उतरवायचा ते दाखवणारी) ठेवून उंचवटा चपट्या कानशीने उतरवावा. फरक साधारण ०.६५ मिमी. अंदाजाने जास्त उतरवला तर दात लाकडात खोल रुततो, यंत्र हिसके देते आणि बारच्या टोकाने उसळी मारण्याचा धोका वाढतो. इथे घाई करणारा माणूस चेनसॉ हातात घेण्याच्या लायकीचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

क्रोमचा थर उडालेला किंवा दगड लागून तुटलेला दात, खराब भाग पूर्ण निघेपर्यंत मागे घ्यावा लागतो. माथ्यावरच्या झिजेच्या खुणेपर्यंत दात पोहोचला की चेन बदलावी. बारच्या कडांना बाहेर आलेली धार चपट्या कानशीने काढावी आणि बार अधूनमधून उलटा करून बसवावा. गाडीतले काळे जळके ऑइल चेनला घालू नये. त्यातली धातूची कीस बार खाते.

खरेदी करणाऱ्या संस्थांना एकच सूचना: यंत्राच्या मागणीपत्रातच त्या चेनच्या मापाच्या दोन-तीन गोल कानशी, एक चपटी कानस, मापपट्टी आणि एक जादा चेन लिहावी, आणि यंत्र ताब्यात घेताना विक्रेत्याकडून एक पूर्ण चेन कानशीने लावून दाखवून घ्यावी.

– एक बागायतदार, दापोली