तरंगतात, कारण पडत असतात

अंतराळवीरांच्या दिनक्रमावरचा रविवार पुरवणीतील लेख रंजक आहे. मात्र ‘अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून माणसे तरंगतात’ हे त्यातील विधान चुकीचे आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्यापेक्षा जेमतेम अकरा-बारा टक्क्यांनी कमी असते. ते खरोखरच नसते, तर न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार स्थानक सरळ रेषेत कधीच निघून गेले असते. दर सुमारे ९० मिनिटांना पृथ्वीभोवती फेरी कशी मारली असती? वास्तविक स्थानक आणि आतली माणसे सतत पडतच असतात. पण सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटरच्या आडव्या वेगामुळे ती जेवढी खाली येतात, तेवढाच पृथ्वीचा गोल पृष्ठभागही खाली वळलेला असतो. स्थानक आणि माणसे, दोघांचे त्वरण (वेग बदलण्याचा दर) सारखेच, त्यामुळे फरशी पायांना वर रेटत नाही. आणि आपल्याला वजन जाणवते ते त्या रेट्यामुळेच. ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ या शब्दांनीच हा घोटाळा केला आहे. (विज्ञानाच्या शिक्षकांच्या तोंडूनही ते ऐकले आहेत.) त्याऐवजी ‘वजनरहित अवस्था’ म्हणावे, आणि पुरवणीची कात्रणे वहीत चिकटवणाऱ्या मुलांसाठी दुरुस्ती छापावी.

– एक वाचक